कल्पिताचे पंचांग : मौलूदी सन ते मराठी विज्ञानकथा

विज्ञानकथेत नवे जग उभे करताना लेखकाला सर्वांत स्वस्तात मिळणारी सामग्री म्हणजे नवी कालगणना. वर्षाच्या आकड्यापुढे दोन अनोळखी अक्षरे लिहिली, महिन्यांना कानाला परकी वाटणारी नावे दिली, दिवसाचे तास चोवीसऐवजी तीस केले की वाचक पृथ्वीपासून दूर गेल्याचा आभास निर्माण होतो. हा आभास बहुधा दुसऱ्या प्रकरणापर्यंतही टिकत नाही. पात्रे त्या पंचांगात राहत नाहीत; ती आपल्याच सोमवार-मंगळवारात वावरतात, आपल्याच वयांनी मोजली जातात, आणि नवे पंचांग भिंतीवरच्या चित्रासारखे मागे लटकत राहते. समीक्षाही मग त्याकडे सजावट म्हणूनच पाहते. परंतु काही मोजक्या कृतींत कालगणना ही कथेचा कणा होते. तेथे कोणता सन वापरला आहे यावरून कोणाचे राज्य आहे, कोण हरले आहे, कोणाचे देणे बाकी आहे हे कळते. या दोन प्रकारांत भेद कोठे करावयाचा, आणि अनेक पंचांगे एकाच वेळी वापरण्याची सवय असलेल्या मराठी भाषेतील विज्ञानकथेने या सामग्रीचे काय केले, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ (१९५१) या कादंबरीच्या आरंभी एका कल्पित ज्ञानकोशातील नोंद येते. हॅरी सेल्डनचा जन्म आकाशगंगा-सनाच्या ११,९८८ व्या वर्षी आणि मृत्यू १२,०६९ व्या वर्षी झाला, असे ती नोंद सांगते. आणि लगेच हीच वर्षे आता प्रचारात असलेल्या फाउंडेशन-सनाप्रमाणे उणे ७९ आणि १ अशी देते. कथा सुरू होण्यापूर्वीच वाचकाला कळून चुकते की बारा हजार वर्षांचे साम्राज्य मोडले असून कालगणनेचा आरंभबिंदू आता या माणसाच्या मृत्यूपाशी आणून ठेवला गेला आहे. दोन सनांमधील एका वजाबाकीत साम्राज्याचा अंत सांगून टाकण्याचे हे कौशल्य असिमोव्ह यांच्या एरवी सपाट वाटणाऱ्या गद्याला पुष्कळसे तारून नेते.

कादंबरीबाहेर, प्रत्यक्ष राज्यात, अशी रचलेली कालगणना चालवून पाहिल्याचे एक ठळक उदाहरण मैसूरपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाने आपल्या नाण्यांवर प्रथम हिजरी सन घातला. हिजरी १२०० नंतर मात्र तो बाजूला सारला गेला आणि १७८७ च्या सुमारास नाण्यांवर एकदम १२१५ हे वर्ष अवतरले. हा मौलूदी सन. पैगंबरांच्या मक्केहून प्रस्थानाऐवजी त्यांच्या जन्मापासून मोजलेला, आणि केवळ चांद्र नव्हे तर चांद्रसौर. नाण्यांवरील आकडेही उजवीकडून डावीकडे उमटू लागले. १२१५ चा ठसा ५१२१ असा दिसतो. हे जग नवे आहे, येथे आकडासुद्धा वेगळ्या दिशेने वाचावयाचा आहे, असे हातातला पैसाच सांगू लागला. तांब्याच्या नाण्यांची नावे तर आकाशातूनच उतरवलेली होती : पैसा म्हणजे ‘जोहरा’, शुक्र; अर्धा पैसा ‘बहराम’, मंगळ; पाव पैसा ‘अख्तर’, तारा; आणि सर्वांत लहान नाणे ‘कुत्ब’, ध्रुव.

महिन्यांची रचना याहून सूक्ष्म होती. अहमदी, बहारी, जाफरी, दाराई, हाशिमी ही नावे अशी निवडली होती की नावाच्या आद्याक्षराचे अबजद पद्धतीतील मूल्य म्हणजे त्या महिन्याचा अनुक्रमांक. अखेरच्या दोन महिन्यांत पहिल्या दोन अक्षरांची बेरीज घ्यावयाची. नाव उच्चारले की क्रमांक हाती येतो. पुढे टिपूने अबजद सोडून वर्णमालेच्या क्रमावर आधारलेली अबतस ही मूल्यपद्धती स्वीकारली आणि महिन्यांची नावेही त्याप्रमाणे बदलली. अहमदी आणि बहारी जागच्या जागी राहिले, तिसरा महिना तकी झाला, चौथा समरी झाला, आणि पूर्वी तिसरा असलेला जाफरी आता पाचवा झाला. पूर्वी आठवा असलेला हैदरी सहाव्या जागी आला. म्हणजे या बदलाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन पत्रांवर ‘जाफरी’ असे एकच नाव असले तरी ती पत्रे दोन वेगळ्या ऋतूंत लिहिलेली असू शकतात. विल्यम कर्कपॅट्रिक यांनी १८११ मध्ये टिपूच्या निवडक पत्रांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा त्यांना या पंचांगाचे स्पष्टीकरण स्वतंत्रपणे जोडावे लागले, यात नवल नाही. कल्पित विश्वे रचणाऱ्या आजच्या कादंबरीकारांना परिशिष्टे जोडण्याची हौस असते. येथे परिशिष्टाची गरज इतिहासानेच निर्माण केली होती.

एवढा फेरबदल करूनही टिपूने एका गोष्टीला हात लावला नाही. त्याच्या वर्षाचा पहिला महिना चैत्राच्याच जागी राहिला, अधिक मास राहिला, आणि प्रभव-विभवादी साठ संवत्सरांचे चक्रही नवी नावे धारण करून तसेच फिरत राहिले. शुद्ध चांद्र हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. पिकांवर सारा बसवणाऱ्या राज्याला ते परवडत नाही, कारण वसुलीचा महिना हळूहळू पेरणीच्या महिन्यात सरकतो. अकबराचा इलाही सन, फसली सन, आणि मराठ्यांच्या दप्तरात स्थिरावलेला शुहूर सन या सर्वांच्या मुळाशी हीच अडचण आहे. टिपूने काळाची नावे बदलली, आरंभबिंदू बदलला, आकड्यांची दिशा बदलली. सांगाडा मात्र शेतकऱ्याचा ठेवला. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये, म्हणजे टिपूनंतर सहा वर्षांनी, नवे पंचांग लागू केले तेव्हा त्यांनी आठवडाच मोडून दहा दिवसांचा केला, आणि १८०६ च्या आरंभी ते पंचांग रद्द करावे लागले. मौलूदी सनाचा शेवट वेगळ्या कारणाने झाला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि सनाबरोबर ते राज्यही गेले. गावोगावची युगादी होती तशीच पुढे चालू राहिली. तिला नावे बदलल्याची झळ मुळात पोहोचलीच नव्हती.

या संदर्भात मैसूर शहरातील एका वास्तूचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. चौथ्या कृष्णराज वोडेयरांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९२७ मध्ये येथे जो घड्याळाचा मनोरा उभारला गेला, ‘दोड्ड गडियार’ म्हणून जो ओळखला जातो, त्याच्या तबकडीवर कन्नड अंक आहेत. तास तेच, मिनिटे तीच. फक्त आकड्यांचा आकार आपला. काळावर आपली मुद्रा उमटवण्याचा हा किती मवाळ मार्ग! टिपूच्या नाण्यावरील उलट्या आकड्यांत जो आग्रह आहे त्याचा येथे मागमूस नाही. मात्र घड्याळ आहे तेथेच आहे.

मौलूदी सनाच्या उदाहरणावरून कल्पित पंचांगांसाठी एक कसोटी हाती लागते. ज्या पंचांगाशी कोणाचे तरी देणेघेणे जोडलेले आहे, एखादा सारा, एखादे कर्ज, एखादे श्राद्ध, एखादी पाळी, तेच पंचांग कथेत जिवंत होते. व्हर्नर व्हिंज यांच्या ‘अ डीपनेस इन द स्काय’ (१९९९) या कादंबरीतील अंतराळव्यापारी दिवस, महिने वापरतच नाहीत. ते सारे सेकंदांच्या हजारांत आणि लाखांत मोजतात, कारण त्यांच्या पायाखाली एकच ग्रह कधी नसतो आणि करार तर पाळावयाचे असतात. त्यांच्या गणनेचा शून्यबिंदू मानवाच्या पहिल्या चंद्रस्पर्शापाशी आहे असा समज असतो. प्रत्यक्षात तो त्यानंतर काही महिन्यांनी, एका जुन्या संगणकप्रणालीच्या शून्य सेकंदापाशी असतो. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘रेड मार्स’ (१९९२) मध्ये मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसाहून सुमारे साडेएकोणचाळीस मिनिटांनी मोठा असल्यामुळे मध्यरात्री घड्याळे तेवढा वेळ थांबवून ठेवतात. या थांबलेल्या घड्याळांच्या अवधीत वसाहतीतील माणसे जे काही करतात त्याला एक निनावी मोकळेपणा येतो. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) मधील गेथेन ग्रहावर चालू वर्ष हे नेहमी पहिले वर्ष असते. दर नववर्षदिनी मागची-पुढची सर्व वर्षे नव्याने मोजली जातात. घाई नसलेल्या, भविष्याकडे धावत न सुटणाऱ्या समाजाचे वर्णन करण्यास ले ग्विन यांना दुसऱ्या कशाची फारशी गरज पडत नाही.

आता मराठीकडे वळता येईल. मराठी समाजाइतकी पंचांगांची गर्दी फार थोड्या समाजांच्या वाट्याला आली असेल. शालिवाहन शक घरात, शुहूर सन दप्तरात, हिजरी महिन्यांची नावे पत्रांच्या मथळ्यावर, १६७४ पासून राज्याभिषेक शक, आणि कंपनी सरकारबरोबर आलेला इसवी सन. पानिपतच्या संग्रामाची तारीखच पाहावी. १४ जानेवारी १७६१ हा दिवस मराठी माणसाला पाठ असतो. परंतु तो ज्यांच्यावर गुदरला त्यांच्यासाठी तो शके १६८२ मधील पौष शुद्ध अष्टमी होता, कारकुनाच्या लेखी ‘इहिदे सितैन मया व अलफ’ या सनातील जमादिलाखर महिन्याचा एक दिवस होता. लोकस्मृतीत पानिपत आणि मकरसंक्रांत यांची सांगड बसली आहे, ती चौदा जानेवारी या इंग्रजी तारखेमुळे. निरयन वर्ष इंग्रजी वर्षाच्या तुलनेत सुमारे साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, त्यामुळे १७६१ साली सूर्याचा मकरप्रवेश दहा जानेवारीच्या आसपास होऊन गेला होता. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रयोग पानिपतच्या संदर्भात कितीही समर्पक वाटला तरी तो दोन पंचांगे एकमेकांवर ठेवून पाहताना झालेला दृष्टिभ्रम आहे. तसे पाहिले तर टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत आजही संक्रांत दहा जानेवारीच्याच सुमारास येते, आणि क्वचित अधिक मासही शेजारच्या घरापेक्षा वेगळा येऊन सण महिनाभर दूर जातात. एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन काळ नांदतात. कोणत्याही विज्ञानकथाकाराला हेवा वाटावा अशी ही परिस्थिती आहे.

मराठीतील सर्वांत प्रसिद्ध समांतर-विश्वकथा याच पानिपतावर उभी आहे हा योगायोग म्हणता येणार नाही. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्यात एका ट्रकच्या धडकेनंतर अशा जगात जाऊन पडतात, जेथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे पानिपत जिंकले. या दुसऱ्या जगाची ओळख नारळीकर कालगणनेतून नव्हे, वेळापत्रकातून करून देतात. पुण्याहून मुंबईला निघालेली जिजामाता एक्सप्रेस ‘डेक्कन क्वीन’पेक्षा वेगाने धावते आणि लोणावळा चाळीस मिनिटांत येते. पुणेकर वाचकाला एवढे पुरे असते. त्याच्या हाडात मुरलेले पंचांग रेल्वेचेच असते, आणि लोणावळा लवकर आले याचा अर्थ जग बदलले हे त्याला सांगावे लागत नाही.

कथेतील काळाचा पुरावाही असाच साधा आहे. पुण्याच्या हिशेबी गंगाधरपंत दोन दिवस नाहीसे झालेले असतात. त्या दोन दिवसांचा हिशेब म्हणून त्यांच्या खिशात एका बखरीचे फाटलेले पान उरते. राजेंद्र देशपांडे हा त्यांचा शास्त्रज्ञ मित्र आपत्तिसिद्धान्त आणि पुंजसिद्धान्त यांच्या आधारे जे स्पष्टीकरण देतो, त्याचा मथितार्थ असा की गंगाधरपंत भूतकाळात गेले नाहीत की भविष्यकाळातही गेले नाहीत; ते वर्तमानातच होते, वर्तमान तेवढे वेगळे होते. कालप्रवासाच्या रूढ कथांपासून नारळीकरांची कथा वेगळी पडते ती या ठिकाणी. घड्याळ दोन्ही जगांत एकाच गतीने चालते. बदलते ती त्या घड्याळाच्या मागची आठवण.

मात्र याच ठिकाणी एक संधी निसटल्याचेही जाणवते. ज्या जगात कंपनी सरकारचे राज्य देशभर पसरलेच नाही, त्या जगातील मुंबईच्या वर्तमानपत्रावर, ग्रंथालयातील नोंदवहीवर, रेल्वेच्या तिकिटावर कोणता सन असेल? शालिवाहन शक, राज्याभिषेक शक की दप्तरातील शुहूर सन? कथेच्या दृष्टीने हा प्रश्न विषयच होत नाही. तिचे सारे लक्ष एका गोळीवर आणि तिच्या परिणामांवर एकवटलेले आहे. लघुकथेच्या मर्यादेत हे क्षम्य आहे, कदाचित आवश्यकही. तरीही जित्यांच्या इतिहासाचा एवढा सखोल विचार करणारी कथा काळाला नाव देण्याच्या अधिकाराकडे वळत नाही, ही गोष्ट नोंदवावीच लागते. एका बाबतीत मात्र हे शीर्षकच कथेच्या पुढे धावते. ‘पानिपत होणे’ याचा मराठीतील अर्थ दाणादाण उडणे. आझाद मैदानावरील सभेत रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीत बसून बोलू पाहणाऱ्या गंगाधरपंतांचे जे होते ते याच अर्थाचे पानिपत. परंतु ज्या श्रोत्यांनी त्यांना व्यासपीठावरून खाली खेचले त्यांच्या मराठीत या शब्दाचा अर्थ नेमका उलटा, विजयाचा, असणार. त्या जगात हे शीर्षक कोणाला कळलेच नसते. पंचांगाचे काम येथे वाक्प्रचाराने केले आहे, आणि ते लेखकाने योजून केले की भाषेने आपण होऊन, हे ठरवण्याची आवश्यकता नाही.

नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत दोन काळांचा सामना अधिक उघडपणे येतो. दत्तदांनी शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार हे गणिताने निश्चित होते. शास्त्रज्ञ त्याला वळवण्यासाठी यान सोडतात, आणि इकडे घरी इंद्राणीदेवी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ योजतात. संकट टळल्यावर श्रेय कोणाचे, या प्रश्नावर लेखकाची सहानुभूती कोणत्या बाजूला आहे हे स्पष्टच आहे. कथेची बाजू न्याय्य असली तरी तिच्यात कक्षेच्या गणिताला जी सविस्तर जागा मिळते ती मुहूर्ताच्या गणिताला मिळत नाही. मुहूर्त हेही एक गणितच आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथाच्या भाषेत हे दोन वैरी नव्हेत, एकाच घरातले दोन भाऊ आहेत, आणि धाकट्याने वेध घेणे सोडून दिले हे त्यांचे भांडण आहे. नारळीकरांच्या कथेत हे भाऊबंदकीचे नाते दिसत नाही. ज्ञान आणि अज्ञान एवढीच विभागणी उरते.

मराठी विज्ञानकथेने स्वतःचे पंचांग का रचले नाही, याचे उत्तर तिच्या प्रेरणेतच शोधावे लागते. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा पुढे आली, नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, लेखकाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. तेव्हापासून या प्रवाहाचा मुख्य हेतू विज्ञान घराघरांत नेणे हा राहिला. परके जग वसवण्यापेक्षा ओळखीच्या जगात एक अनोळखी नियम सोडून देणे तिला अधिक मानवले. अशा कथेला इसवी सनाची तारीख सोयीची पडते. ती वाचकाला कोठे थांबवत नाही. हा युक्तिवाद मान्य करूनही प्रश्न उरतो तो असा की ही सोय तटस्थ आहे काय? भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ या दिवशी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, तो दिवस १ चैत्र १८७९. वैशाख ते भाद्रपद हे महिने एकतीस दिवसांचे, आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे तीसांचे, वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी. शास्त्रदृष्ट्या इतके नेटके पंचांग दुसरे दाखवता येणार नाही. राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ते आले, घरात मात्र आले नाही. घरात आले १९७३ साली सुरू झालेले ‘कालनिर्णय’, ज्यात इंग्रजी तारखेच्या चौकटीत तिथी, नक्षत्र, चतुर्थीचा चंद्रोदय आणि पानामागे पाककृती एकत्र बसवल्या होत्या. दुधाच्या हिशेबाचे आकडेही त्याच चौकटीत लिहिले गेले. साहा समितीच्या पंचांगाशी कोणाच्याही दुधाचे देणे जोडलेले नव्हते. एखाद्या कादंबरीकाराने १९५७ नंतरचा असा एक पर्यायी देश कल्पावा, जेथे पगार १ वैशाखाला होतो आणि बाजाराचा दिवस शकवर्षाने ठरतो. भारतीय भाषांतील विज्ञानकथेसाठी याहून जवळचे अज्ञात विश्व सापडणे कठीण.

भारतीय महिन्यांना परक्या ग्रहावर जागा मिळाली ती दुसऱ्याच हातांनी. थॉमस गँगेल या अमेरिकी अभियंत्याने १९८५ मध्ये मंगळासाठी ‘डेरियन’ नावाचे पंचांग रचले. मंगळाचे वर्ष जवळजवळ ६६९ मंगळदिवसांचे, म्हणून महिने चोवीस. त्यांची नावे राशींवरून घेतली आहेत, एक लॅटिन आणि एक संस्कृत अशी आळीपाळीने : सॅजिटेरियस मागोमाग धनुस्, कॅप्रिकॉर्नस मागोमाग मकर, अॅक्वेरियस मागोमाग कुंभ. एकाच राशीची दोन नावे दोन वेगवेगळे महिने झाली आहेत. मंगळावर कोणाचे पीक उभे राहीपर्यंत या महिन्यांवर कोणाचा सारा बसणार नाही. मंगळाच्या मकर महिन्यात सूर्याच्या मकरप्रवेशाचाही प्रश्न येत नाही. संस्कृत नावे तेथे तांब्याच्या बहरामवरील मंगळासारखी, कोरलेली तेवढी आहेत.